लांडग्यांचे दिवस आणि मोजणारा पट्टा

जरा कल्पना कर पाहू. तुझ्यासमोर दाराएवढा उंच माग उभा आहे. वरपासून खालपर्यंत पांढरे दोरे ताणलेले. त्यांवरून बोट फिरवलं तर सतारीसारखा बारीक आवाज येतो. तुझ्या उजव्या हाताशी लोकरीचे गुंडे आहेत. कांद्याच्या सालींत उकळलेला पिवळा आहे, अक्रोडाच्या टरफलांतला तपकिरी आहे, आणि एक लाल आहे. तो लाल कशातून येतो हे विणकरीण फक्त लेकीला सांगते, सुनेला नाही. आता पिवळा दोरा बोटांनी त्या ताण्यातून आडवा ओढ. लोखंडी फणीनं खाली ठोक. झाली एक ओळ. दिसत नाही म्हणतोस? केसाएवढीच असते ती. तुला कोंबडीचं एक पिल्लू विणायचं आहे, आणि त्याच्या नुसत्या पायांपर्यंत पोचायला आजची दुपार जाणार आहे.

कंटाळा आला? मग तुझं आणि लुचेझार द्रागिएवचं छान जमेल. त्याची ओळख पुढे होईलच.

नाही आला? मग ये, इस्क्राच्या शेजारी बस. जागा आहे.

इस्क्रा दहा वर्षांची. बल्गेरियाच्या वायव्येला, डोंगराच्या पोटाशी कोप्रिव्ना नावाचं गाव आहे, तिथली. शाळा सुटली की दप्तर न उतरवताच ती वाचनगृहाच्या मागच्या खोलीत शिरायची. वाचनगृह म्हणजे त्या गावाचं सगळं काही. पुढे पुस्तकं, मधे नाटकाचा मंच, आणि मागे, जिथली शेगडी नेहमी थोडा धूर आतच ठेवून घेते, तिथे मागांची खोली. प्रत्येक मुलानं येताना एक लाकूड आणायचं आणि शेगडीत टाकायचं, हीच फी.

तिथे गेर्गिनामावशी बसायची. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून सगळ्या गावाची होती. अंगानं आडवी, आवाजानं उभी. ती शिकवायची म्हणजे काय करायची, तर मुलांना बसू द्यायची. चुकलं की सांगायची नाही. "बघ," एवढंच म्हणायची, आणि चूक सापडेपर्यंत मूल बघत बसायचं. तिच्या गावचे किलिम म्हणजे आपल्या सतरंजीची बहीणच, दोन्ही बाजूंनी सारखे. चूक लपवायला मागची बाजू नाही.

इस्क्राच्या मागावर तिचा पहिला किलिम होता. नुकताच तिला भाऊ झाला होता, त्याच्या पाळण्याखाली अंथरायला. निळ्या रंगावर पिवळ्या पिल्लांच्या रांगा.

"मावशी, हा संपेपर्यंत तो रांगायला लागेल," ती एकदा म्हणाली.

"मग यावर रांगेल."

"आणि चालायला लागला तर?"

"तर यावर पडेल. पडायलाही काहीतरी लागतं, बाई."

खालची पहिली रांग झाली तेव्हा इस्क्रानं स्वतःच टाळ्या वाजवल्या. गुबगुबीत पिल्लं होती. एकेकाच्या पोटात एकेक दुपार गेली होती, आणि ती पोटं तशीच दिसत होती, भरलेली.

तेवढ्यात वाचनगृहाला नवा व्यवस्थापक आला.

लुचेझार द्रागिएव याच गावचा. त्याची आई विणकरीण होती, आणि ताण्याच्या दोऱ्यांमागे लपाछपी खेळतच तो मोठा झाला होता. मग राजधानीला गेला, तिथे बरीच वर्षं कॉफीची यंत्रं विकली, आणि आता एक विद्या घेऊन परत आला होता. ती विद्या अशी, की माणसानं एक क्षणही रिकामं राहू नये. तो स्वतः चालता चालता बोलायचा, बोलता बोलता लिहायचा आणि जेवायचा तर नाहीच. बाटलीतून राखाडी रंगाचं काहीतरी प्यायचा, कारण चावण्यात वेळ जातो. वाचवलेल्या वेळाचं काय करायचा? वेळ कसा वाचवावा यावर भाषण द्यायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात, पण तो न्हावी निदान मुकाट्यानं तरी लावत असेल.

ऑक्टोबरात एके दुपारी तो मागांच्या खोलीत आला. एका हातात खोकं होतं आणि मागून दोन माणसं एक चकाकती विजेची पाटी घेऊन आली. पाटी भिंतीवर चढली. पूर्वी तिथे सुकवलेल्या लाल मिरच्यांच्या माळा होत्या.

"मावशी," तो म्हणाला, "आपल्याला रिकामे क्षण शोधायचे आहेत."

"हरवलेत का?"

"वाया जाणारे क्षण, मावशी." त्यानं खोक्यातून बारीक दिवे असलेले काळे पट्टे काढले. "हे मनगटावर बांधायचे. हात किती वेळा हलला ते पट्टा मोजतो आणि या पाटीवर दाखवतो. कोण पुढे, कोण मागे, सगळ्यांना दिसतं. मुलांना हुरूप येतो."

"आणि हात कशासाठी हलला, ते मोजतो का?"

"ते कशाला मोजायचं?"

"लुचो," गेर्गिनामावशी गुंडा बाजूला ठेवत म्हणाली, "लहानपणी तू अष्टौप्रहर नाकात बोट घालून असायचास. तेव्हा हा पट्टा असता, तर तू गावात पहिला आला असतास."

मुलं इतकी हसली, की शेजारच्या मागावरच्या पेत्रानाच्या हातून फणी पडली. पण पट्टे मात्र सगळ्यांनी बांधून घेतले. काहीही चकाकतं मनगटावर बांधायला मिळालं तर नको म्हणणारं मूल अजून जन्माला आलेलं नाही.

मावशीनंही मुकाट्यानं एक पट्टा उचलून झग्याच्या खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी पाटीवर तिचं नाव सगळ्यात वर होतं. तिसऱ्या दिवशीही. मुलं थक्क झाली, कारण मावशी तर दोन्ही दिवस खुर्चीत बसून अक्रोड फोडत होती. व्यवस्थापक स्वतः अभिनंदनाला आला.

"बघा मावशी, या वयातसुद्धा! ही असते जिद्द!"

"जिद्द आहे खरी," मावशी म्हणाली. "आणि पिसवाही फार झाल्यात."

तो काही न कळता हसला आणि गेला. मग मावशीनं खिडकी उघडून शीळ घातली. अंगणातून तिचा कुत्रा शारो धावत आला, मध्येच बसला आणि मागच्या पायानं कान खाजवू लागला. त्या पायात काळा पट्टा होता.

"शारो, बाळा, तुझी बढती झाली," मावशी म्हणाली, आणि त्याचा पट्टा सोडवून घेतला.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण अशा माणसांचं एक असतं. त्यांना हसलेलं कळत नाही, त्यामुळे हसून ती जात नाहीत.

महिनाअखेरीस व्यवस्थापक पुन्हा आला. या वेळी तो दारातच उभा राहिला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"नोव्हेंबरात राजधानीहून पाहुणे येणार आहेत. वाचनगृहाला मदत करणाऱ्या संस्थेचे. त्यांना पाटीवर चांगले आकडे दिसले पाहिजेत, आणि त्यांच्यासमोर निदान एक किलिम पूर्ण होऊन मागावरून कापून उतरला पाहिजे. नाहीतर ही खोली मला वेगळ्या कामाला द्यावी लागेल. शहरातली माणसं संगणक घेऊन येतील, इथे बसून काम करतील. माग तळघरात जातील."

"तळघरात ओल आहे," पेत्राना म्हणाली. "लोकर कुजते."

"म्हणून तर म्हणतो, पोरांनो, हात चालवा!"

तो गेला. कुणी कुणाकडे बघेना. इस्क्रानं आपल्या किलिमकडे पाहिलं. खाली एक रांग, तिच्यावर दुसरी अर्धी. मग तिनं सगळ्यांचे माग पाहिले. तिच्याइतकं पुढे कुणीच नव्हतं.

"मावशी, शारोला पुन्हा पट्टा बांधूया की!"

"आकडे कुत्रा भरेल. किलिम कोण विणेल, मांजर?"

"मग मी विणते. माझा संपवते. खोली वाचेल."

मावशीनं फणी तिच्या हातात दिली. "किलिम तुझा आहे," ती म्हणाली. "हातही तुझे आहेत."

इस्क्रा कामाला लागली. कशी लागली म्हणून सांगू! मधल्या सुट्टीत पळत यायची, चीज भरलेली पोळी तोंडात धरून विणायची. ओळीमागून ओळ. फणी पूर्ण जोरानं ठोकायला हात वर न्यावा लागतो, म्हणून तिनं हात अर्ध्यावरूनच खाली आणायला सुरुवात केली. पाटीला काय कळतं? वर गेला काय, अर्धा गेला काय, हलला म्हणजे हलला. तिचं नाव चढत चढत सगळ्यात वर गेलं. व्यवस्थापकानं सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि तिला 'गावचं भविष्य' म्हटलं. खरं सांगायचं तर इस्क्राला ते आवडलं. आधी ती खोलीत शिरल्यावर पिल्लांकडे बघायची, आता पाटीकडे बघू लागली.

पेत्राना एकदा तिच्या मागापाशी रेंगाळली. "इस्क्रे, ही वरची पिल्लं बगळ्यासारखी का दिसतात गं?"

"ती मोठी झालीत."

"याला पाय नाहीत."

"बसलंय ते!" इस्क्रा खेकसली. "तू आपलं बघ. तुझं नाव तळाला आहे."

आणि मग लांडग्यांचे दिवस आले.

नोव्हेंबरात, पिंपांत कोबी खारवून झाली आणि डोंगरावर पहिलं बर्फ दिसलं, की त्या मुलखात एक आठवडा असा येतो, जेव्हा बायका लोकरीला हात लावत नाहीत. कातायचं नाही, विणायचं नाही, शिवायचं नाही. कात्री तर उघडायचीच नाही. कात्री उघडली की लांडग्याचा जबडा उघडतो, आणि त्या दिवसांत विणलेलं जो अंगावर घेईल, त्याला तो जबडा नेमका शोधून काढतो. म्हणून घराघरांतल्या कात्र्या लाल दोऱ्यानं करकचून बांधून ठेवतात. गेर्गिनामावशीनंही खोलीतली मोठी कात्री बांधली, खिडकीच्या फळीवर ठेवली, आणि घरून भाजलेल्या भोपळ्याचं ताट घेऊन शेगडीपाशी बसली.

पाहुणे नेमके त्याच आठवड्यात येणार होते. लुचेझारला हे दिवस ठाऊक नव्हते असं नाही. विणकरणीच्या पोटचा होता तो! पण त्याला वाटलं, लांडग्यांकडे काही पाटी नाही, तेव्हा लांडगे मोजायचे कशाला?

तो खोलीत आला तेव्हा बहुतेक मुलं भोपळा खात होती.

"मावशी, हे काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. जरा हळू बोल. नीट करायचं तर लक्ष लागतं त्याला."

"तुम्हीसुद्धा या असल्या भाकडकथा मानता? लांडगे कुठे राहिलेत आता?"

"बस," मावशी म्हणाली. तो बसला नाही. ती मुलांकडे वळून बोलू लागली, आणि तो उभ्या उभ्या ऐकत राहिला.

"माझी आजी सांगायची. पूर्वी या गावातल्या बाईला पहाटे भाकरी, मग गुरं, मग मळा, मग धुणं, आणि संध्याकाळी पाय पसरावेत तर सासू चरख्याकडे बोट दाखवायची. सणाच्या दिवशी उलट काम दुप्पट. मागितली असती तरी सुट्टी कुणी दिली असती का? तेव्हा कुणीतरी शहाणी बाई एक दिवस धापा टाकत घरात आली आणि म्हणाली, 'सासूबाई, मला वाटेत लांडगा भेटला. तो म्हणाला, या आठवड्यात जिनं कात्री उघडली, तिच्या घरातला मुलगा मी खाईन.' आता सासू सुनेशी भांडू शकते. लांडग्याशी कशी भांडणार? मुलगा तर तिचाच! झालं. तेव्हापासून आठवडाभर गावातले सगळे हात मांडीवर."

"म्हणजे थाप!" व्यवस्थापक म्हणाला.

"थापच. पण केवढी चांगली विणलेली, बघ की. एवढी वर्षं झाली, एक दोरा निघाला नाही." मावशीनं भोपळ्याचा तुकडा तोंडात टाकला. "लांडग्यानं खाल्लेला एकही माणूस मला माहीत नाही, लुचो. कामानं खाल्लेल्या बायका मात्र नावानिशी सांगते. पहिली तुझी आई."

त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि निघून गेला. अशा वेळी घड्याळाचा फार उपयोग होतो.

त्या दिवसापासून इतर मुलं आली की नुसती बसायची. एकटी इस्क्रा विणत होती. तिला वाईट वाटत होतं, भीतीही वाटत होती, पण थोडाच भाग राहिला होता. दोरा तोडायला कात्री नव्हती, म्हणून ती दातांनी तोडत होती.

"मावशी, तू रागावलीस का?"

"मी सध्या काहीच करत नाहीये. रागवायचं तर आठवडा संपू दे."

"पण आपली खोली जाईल ना!"

"हो. जाईल."

"मग तू काहीच कशी करत नाहीस?"

"बेटा, आता घाबरून हात हलवायला लागले, तर ती गेलीच. मग इथे माग राहिले काय आणि संगणक आले काय, सारखंच."

इस्क्राला ते नीट कळलं नाही. तिनं आणखी दोन ओळी घातल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "उसवणं चालतं का गं या दिवसांत?"

"उसवलेलं कुणी अंगावर घालतं का? लांडग्याला त्यात काय मिळणार?"

पाहुणे आले त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. इस्क्राची शेवटची ओळ सकाळीच घालून झाली होती. खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, पाटी पुसली होती, आणि गेर्गिनामावशीला शेगडीसकट कोपऱ्यात सरकवायचा बेत होता. शेगडी भिंतीत पक्की होती म्हणून वाचली. मावशी मात्र ताट घेऊन सरकली.

पाहुण्यांमध्ये एक आर्सोवाबाई होत्या, संस्थेच्या प्रमुख. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, कारण त्यांना लगेच दुसऱ्या गावाला जायचं होतं. त्यांच्याबरोबर कॅमेरेवाला तरुण होता, तो बसलाच नाही.

लुचेझारनं भाषण केलं. आळसात रुतलेल्या गावाला आपण हात धरून कसं बाहेर काढलं, ते सांगितलं. "आणि ही इस्क्रा. पाटीवर पहिली. आज ती आपला किलिम आपल्यासमोर मागावरून कापून उतरवणार आहे." त्यानं खिशातून नवी कोरी कात्री काढली, कारण खिडकीतली बांधलेली होती, आणि तिच्या हातात दिली.

इस्क्रा मागासमोर गेली. खिडकी मागाच्या बरोबर पाठीमागे होती. तिनं कात्रीत बोटं घातली आणि वर पाहिलं.

ऊन किलिममधून आरपार येत होतं. सगळीकडून नाही. खालच्या भागातून उजेडाचा एक कणही येत नव्हता. तिथली पिल्लं आपापली दुपार पोटात घेऊन घट्ट बसली होती. त्यांच्यावर मात्र सैल ओळींतून ऊन गळत होतं, पीठ चाळावं तसं. तिथे लांब मानेची, उपाशी, घाबरलेली पिल्लं होती. एकाला डोळा नव्हता. पाय नसलेलं ते एक बसलेलं नव्हतंच, त्याला पाय द्यायला तिच्याकडे वेळ नव्हता, एवढंच. आणि हे तिच्या भावाच्या पाळण्याखाली जाणार होतं.

एकदा कापलं की कापलं. मागावरून उतरलेल्या किलिमला मग कुणी काही करू शकत नाही.

तिनं मागे वळून मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "बघ."

"काप ना," लुचेझार कुजबुजला.

इस्क्रानं कात्री न उघडताच खाली ठेवली. मागासमोर मांडी घातली. वरच्या कडेचं शेवटचं टोक शोधलं आणि ओढलं.

विणायला बोटं दोऱ्यादोऱ्यांतून वाट काढत जातात. उसवायला अख्खा हात लागतो. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मोठे मोठे हेलकावे. मनगटावरचा पट्टा दिवे लुकलुकवू लागला. पाटीवरचा आकडा हलला, पळाला, उड्या मारू लागला. असा आकडा त्या पाटीनं कधी पाहिला नव्हता, शारोच्या वेळीसुद्धा नाही.

"अरे वा!" आर्सोवाबाई उठून उभ्या राहिल्या. "बघा, बघा!"

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा पाटीवर रोखला. बरोबरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. निळी-पिवळी लोकर इस्क्राच्या मांडीवर साठत होती, किलिम इंचाइंचानं बुटका होत होता, आणि एवढ्या खोलीत पाहुण्यांपैकी एकाचीही मान मागाकडे वळली नाही. आकडा वर चढत असताना खाली कोण बघतो?

एकच माणूस बघत होता. विणकरणीच्या पोटचा. लुचेझारचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"बोल की, लुचो," कोपऱ्यातून गेर्गिनामावशी गोड आवाजात म्हणाली. "पाहुण्यांना सांग, ती काय करतेय."

टाळ्या थांबल्या. फक्त लोकर सुटण्याचा सरसर आवाज येत होता. लुचेझारनं पाटीकडे पाहिलं. खरं सांगावं, तर पाटीला बांधणं आणि मोडणं यातला फरक कळत नाही, हे सांगावं लागणार होतं. मग त्याचं काय उरणार होतं? कॉफीची यंत्रं.

"ती..." त्यानं पाटीकडे बोट केलं. "ती काम करतेय."

"दिसतंच आहे!" आर्सोवाबाई म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या बाईंचा हात हातात घेतला. "तुम्ही यांच्या शिक्षिका ना? तुमची पद्धत काय?"

"बसायचं," मावशी म्हणाली.

"किती साधं! द्रागिएव, या खोलीला हात लावू नका. ही खोली अशीच्या अशी राहिली पाहिजे. मी कागदावर तसं घालते."

"भोपळा घ्या," मावशी म्हणाली.

"छे हो, वेळ कुठे आहे!"

आणि ती मंडळी गेली. किलिम बघायचा राहिला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला, तरी लुचेझार दारात उभाच होता, हातात राखाडी बाटली घेऊन. खोली वाचली म्हणून आनंद करावा की कशी वाचली म्हणून रडावं, हे त्याला ठरवता येईना. मावशीनं त्याच्यापुढे ताट धरलं.

"घे. चावावं लागतं, आधीच सांगते."

त्यानं घेतला नाही. पण बऱ्याच वेळानं, जाता जाता, दाराजवळच्या बाकावर क्षणभर टेकला. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक. लगेच उठलाही. इतक्यात सुधारेल अशी आशा नको करायला.

इस्क्रा उसवतच होती. पेत्राना तिच्यासमोर बसून सुटलेल्या लोकरीचे गुंडे करू लागली. तळाला नाव असलेली पेत्राना! "दे इकडे," ती म्हणाली, "गुंता करशील." शेवटचं उपाशी पिल्लू गेलं, तेव्हा ऊन मागावरून उतरून जमिनीवर आलं होतं. आता किलिमवर खालची एक रांग होती आणि तिच्यावर अर्धी. ऑक्टोबरात होती तेवढीच.

"आता हा संपेपर्यंत तो शाळेत जायला लागेल," इस्क्रा म्हणाली.

"मग यावर बसून अभ्यास करेल," मावशी म्हणाली.

मग इस्क्रानं मनगटावरचा पट्टा काढला. काढल्यावर त्याची दोन टोकं उघडी राहिली, जबड्यासारखी. तिनं सुटलेल्या लोकरीतून पिल्लांच्या चोचींचा लाल दोरा शोधून काढला. पट्ट्याची टोकं एकमेकांवर दाबून धरली, दोऱ्याचे वेढे दिले, करकचून गाठ मारली, आणि तो पट्टा खिडकीच्या फळीवर, बांधलेल्या कात्रीच्या शेजारी ठेवला.

नंतर ती शेगडीपाशी आली, मावशीच्या अंगाला रेलून बसली, भोपळ्याचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला, आणि हळूहळू चावून खाऊ लागली.